गेम ‘घेतला’ म्हणावं का?

मूळ प्रश्न

परवा भावाला एक गेम दाखवत होतो. ‘हा मी तीन वर्षांपूर्वी घेतला’ असं म्हणालो आणि तिथेच अडखळलो, कारण तो आता उघडतच नाही. सर्व्हर बंद झाले. एकट्याने खेळायचा भागही त्या सर्व्हरवरच चालायचा, त्यामुळे सगळंच संपलं. पैसे मात्र पूर्ण भरले होते.

मराठीत ‘घेतलं’ म्हटलं की वस्तू आपली झाली. ती जपून ठेवू, कुणाला देऊ, नाहीतर माळ्यावर टाकू. इथे यातलं काहीच हातात नाही. ‘भाड्याने घेतला’ही म्हणता येत नाही, कारण भाड्याची मुदत आधी ठरलेली असते. ‘उसना’ म्हणावं तर उसन्याचे कुणी पैसे घेत नाही. मग नेमकं काय म्हणायचं?

प्रतिसाद १

हा प्रश्न एका विधिमंडळालाही पडला होता. कॅलिफोर्नियाने २०२४ मध्ये कायदा केला: डिजिटल माल विकताना ग्राहकाला फक्त वापराचा हक्क मिळत असेल, तर ते स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘विकत घ्या’ अशा अर्थाचा शब्द वापरायचा नाही. १ जानेवारी २०२५ पासून तो लागू आहे. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाने त्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, पैसे भरायच्या पानावर तशी सूचना टाकली. त्यांचा शब्द ‘लायसन्स’, म्हणून मी ‘परवाना’ सुचवते.

प्रतिसाद २

ताई, ‘परवाना’ मला पटत नाही. परवान्याला नियम असतात, मुदत असते, रद्द करायचा तर कारण द्यावं लागतं आणि दादही मागता येते. आपल्याला जे मिळतं त्याला मराठीत फार जुना आणि नेमका शब्द आहे: मुभा. मुभा देणाऱ्याच्या मर्जीवर असते. ‘मुभा काढून घेतली’ या वाक्यात अन्याय आहे, पण नियमभंग नाही. अगदी हेच होतंय.

‘द क्रू’चं उदाहरण घ्या. युबिसॉफ्ट कंपनीचा २०१४ चा गाड्यांच्या शर्यतीचा गेम. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर थांबले, आणि पाठोपाठ लोकांच्या खात्यांतून तो वापरायचा हक्कही काढला गेला. त्यातूनच ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली. युरोपातल्या त्यांच्या नागरिक-अर्जाने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. मागणी साधी आहे: सर्व्हर कायम चालू ठेवा असं कुणी म्हणत नाही, पण जाताना गेम खेळता येईल अशा अवस्थेत सोडून जा. मला ही मागणी शंभर टक्के रास्त वाटते.

उलट बाजूही सांगतो. सोनीचा ‘कॉन्कॉर्ड’ हा गेम २३ ऑगस्ट २०२४ ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद केला गेला. अपयश मोठं होतं, पण त्यांनी पैसे परत केले. मुभा काढली तर मोबदला परत, हा हिशोब समजण्यासारखा आहे.

प्रतिसाद ३

सरसकट ‘घेतला’ काढून टाकू नका. जीओजी या ऑनलाइन दुकानातून गेमची पूर्ण फाइल उतरवून ठेवता येते, कुठलंही कुलूप नसतं. ती माझ्या डिस्कवर आहे, दुकान उद्या बंद झालं तरी चालेल. तिथे ‘घेतला’च बरोबर.

निन्टेंडोच्या स्विच २ या कन्सोलमध्ये (गेम खेळायच्या यंत्रात) तर तिसराच प्रकार आलाय. काही गेमच्या कार्डात गेम नसतोच, फक्त किल्ली असते. कार्ड घालायचं आणि गेम इंटरनेटवरून उतरवायचा. हे कार्ड मित्राला देता येतं, विकताही येतं, म्हणून ती मुभा नव्हे. पण गेमही नव्हे. मी सरळ ‘अमक्या गेमची किल्ली घेतली’ असंच म्हणतो आणि समोरच्याला लगेच कळतं.

मूळ प्रश्नकर्ता

‘मुभा’ नेमका आहे, पण रोजच्या बोलण्यात ‘मुभा घेतली’ जिभेवर बसणार नाही. ‘त्या गेमचे पैसे भरले’ हे चालेल असं वाटतं. खरं तेवढंच सांगतं, जास्त काही कबूल करत नाही.

प्रतिसाद ४

विषयाला जोडूनच: ‘रखडला’ या शब्दाबद्दल मला बोलायचंय. गेमची तारीख पुढे गेली की आपण सगळे ‘रखडला’ म्हणतो. रखडण्यात कुणाची तरी ढिलाई गृहीत असते. ‘सिल्कसाँग’ फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर झाला आणि ४ सप्टेंबर २०२५ ला आला. तो बनवणारी टीम चेरी हा मोजक्या माणसांचा गट. काम कुठे अडलं नव्हतं, मजा येत होती आणि गेम वाढत गेला, असं त्यांनीच सांगितलं. वीस डॉलरमध्ये एवढा मोठा, एवढा निगुतीने केलेला गेम दिला. पहिल्या दिवशी गर्दीने दुकानांचे सर्व्हर कोलमडले. याला ‘रखडला’ म्हणणं मला कृतघ्नपणा वाटतो. हा गेम मुरत होता.

‘जीटीए ६’ आधी २०२५ मध्ये येणार होता, मग २६ मे २०२६, मग १९ नोव्हेंबर २०२६. तिथे ‘लांबणीवर पडला’ म्हणू. मुरतोय की नाही ते खेळल्यावरच कळेल.

आणि ‘कच्चा’. ‘बाल्डर्स गेट ३’ ऑक्टोबर २०२० पासून अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये (पूर्ण व्हायच्या आधीच विक्रीला) होता, पूर्ण झाला ऑगस्ट २०२३ मध्ये. त्याला मी कधीच कच्चा म्हटलं नाही, कारण अपुरा आहे हे विकणाऱ्याने आधीच सांगितलं होतं. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२० मध्ये पूर्ण म्हणून विकला गेला आणि जुन्या कन्सोलवर इतका कोसळत होता की सोनीने आपल्या दुकानातून तो काही महिने काढून टाकला. तो कच्चा. पुढे त्यांनी मेहनतीने सुधारला आणि आज तो माझ्या आवडत्या गेमपैकी एक आहे, पण पहिल्या दिवशी पैसे भरणाऱ्याच्या हाती पडला तो कच्चाच.

प्रतिसाद ५

‘ग्राइंड’ला, म्हणजे गेममध्ये तेच ते पुन्हा पुन्हा करण्याला, शब्द शोधत बसू नका, आपल्याकडे ‘दळण’ आहे! ‘तेच ते दळण’ आपण बोलण्याबद्दल म्हणतो, ते गेमला तसंच्या तसं लागू पडतं. फक्त एक भेद जपावा. दळणातून पीठ निघतं: त्याच शत्रूंशी वीसदा लढलो, हात बसला, पुढचा बॉस (मोठा शत्रू) पडला. रोज हजेरी लावायची, तीन फुटकळ कामं उरकायची, सीझन संपायच्या आत बक्षीस उचलायचं, हे दळण नव्हे. या पाट्या टाकणं आहे. ज्या दिवशी मला आपण पाट्या टाकतोय असं जाणवलं, त्या दिवशी एका लाइव्ह सर्व्हिस (सतत नवी भर पडत राहणाऱ्या) गेमला मी रामराम ठोकला.

प्रतिसाद ६

‘रन’साठी, म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंतच्या एका खेळीसाठी, ‘डाव’. ‘बालात्रो’ खेळताना तर तो आपोआप येतो, पत्तेच आहेत. एका माणसाने बनवलेला गेम, फेब्रुवारी २०२४ मध्ये आला, वर्षभरात पन्नास लाखांच्या वर प्रती गेल्या. डाव मांडतो, डाव रंगतो, डाव अंगाशी येतो. ‘रन’ला यातलं एकही क्रियापद लागत नाही.

प्रतिसाद २ (पुन्हा)

एक राहिलं. मूळ प्रश्नात तुम्ही ‘सर्व्हर बंद झाले’ लिहिलंय. वीज गेली, यंत्र जळलं, तर बंद होतात. इथे कुणीतरी बैठकीत ठरवलं, तारीख जाहीर केली आणि मग बंद केले. मराठीत ‘पडला’ आणि ‘पाडला’ यांत एका कान्याचा फरक आहे, पण कर्ता त्या कान्यातच असतो.

मूळ प्रश्नकर्ता

खरंय. वाक्य दुरुस्त करतो: त्या गेमचे पैसे मी तीन वर्षांपूर्वी भरले होते, आणि त्यांनी तो बंद पाडला.