पीएचपी ८.४: गैरहजर पोरगा पास झाला, याला सुधारणा म्हणायचं?

जुना_गडी
होस्टिंगवाला (ज्याच्या सर्व्हरवर साइट चालते तो) दोन वर्षं मेल पाठवत होता, पीएचपी या वेबसाइट लिहायच्या भाषेची ७.४ आवृत्ती सोडा म्हणून. त्या आवृत्तीच्या सुरक्षा-दुरुस्त्या नोव्हेंबर २०२२ मध्येच थांबल्या, तेव्हा त्याचं बरोबरच होतं. शेवटी थेट ८.४ वर उडी मारली. एका शाळेचं निकालाचं सॉफ्टवेअर २०११ पासून मी सांभाळतोय. पान उघडलं, एकही एरर नाही. दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन, "अहो, नववीतला पोरगा पेपरला आलाच नव्हता, तो गणितात पास कसा?"

गुणांच्या रकान्यात गैरहजर मुलाला 'गैह' लिहितात. कोडमध्ये एकच ओळ: गुण < ३५ तर नापास. जुन्या पीएचपीत 'गैह' चा आकडा शून्य धरला जायचा, म्हणून नापास. ८.० पासून उलटा कारभार. आता ३५ चीच अक्षरं होतात आणि शब्दकोशातल्यासारखी तुलना होते. 'गैह' पुढे, पोरगा पास!

आणि कौतुक कशाचं चाललंय? ८.१ मध्ये इनम (ठराविक पर्यायांची यादी), ८.४ मध्ये प्रॉपर्टी हुक्स (ऑब्जेक्ट म्हणजे माहितीचा गठ्ठा, त्यातला एक रकाना म्हणजे प्रॉपर्टी; ती वाचताना-भरताना आपोआप चालणारा कोड म्हणजे हुक). पीएचपीला जावा या दुसऱ्या भाषेचा कोट शिवून झाला, खालची लुंगी कोण बघणार?

पुणेरी_पार्सर
'गैह' हे ३५ पेक्षा कमी, हे तुम्हाला कुठल्या गणितात शिकवलं? जुनी आवृत्ती योगायोगाने तुमच्या बाजूने चुकत होती, एवढंच. हा बदल २०२० मध्ये ८.० सोबत आला आणि अपग्रेडच्या मार्गदर्शिकेत ठळकपणे दिलेला आहे. दहा मुलांचा निकाल दोन्ही आवृत्त्यांवर काढून शेजारी ठेवला असता, तर पाच मिनिटांत कळलं असतं.

जुना_गडी
पुण्यात मार्गदर्शिका वाचायला वेळ मिळतो हे ऐकून आनंद झाला. माझा राग बदलावर नाहीये, गुपचूप बदलण्यावर आहे. स्ट्रलेनला (मजकुराची लांबी मोजणारं फंक्शन) नल, म्हणजे 'काहीच नाही', दिलं तर ८.१ पासून लॉग (इशाऱ्यांची नोंदवही) भरभरून कुरकुर करतो. इथे निकाल फिरला तरी चकार शब्द नाही.

सेमीकोलन
गुपचूपपणाचा मुद्दा मला पटतो. पण म्हणूनच ८.२ चं स्वागत करायला हवं. पूर्वी ऑब्जेक्टवर 'रक्कम' ऐवजी 'रकम' लिहिलं, तर पीएचपी निमूटपणे नवी प्रॉपर्टी जन्माला घालायची, आणि बिल शून्याचं निघायचं. मी अख्खी रात्र त्या एका 'क' वर घालवली आहे. आता त्यावर इशारा येतो. (हो, पीएचपीत व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं. चालतं म्हणून लिहू नये, हे मला उशिरा कळलं.)

मंजिरी_क
इशारे ठीक, पण हुक्सचं काय? आधी बिल->रक्कम = ५०० लिहिलं की ५०० बसायचे. आता त्या '=' च्या मागे कोणी जीएसटी लावला असेल, कोणी डेटाबेसला हात घातला असेल. नव्या मुलाला कोड वाचून दाखवताना मी काय सांगू?

पुणेरी_पार्सर
अंडरस्कोर-अंडरस्कोर-सेट (नसलेल्या किंवा बाहेरून न दिसणाऱ्या प्रॉपर्टीत काही भरलं की आपोआप चालणारं फंक्शन) हे प्रकरण पीएचपी ५ पासून आहे, तेव्हा हा प्रश्न पडला नाही? तिथे सगळ्या प्रॉपर्टींची एकच खिचडी असायची. हुक निदान ज्या प्रॉपर्टीचा आहे तिच्याखालीच लिहिलेला दिसतो. शिवाय गेट-सेटची (प्रत्येक प्रॉपर्टी वाचायच्या-भरायच्या वेगळ्या फंक्शनांची) चाळीस ओळींची आरती वाचली.

मंजिरी_क
ते अंडरस्कोरवालं सेट फार कमी जण वापरायचे, ही तर त्याची खुबी होती. सोयीची गोष्ट सगळेच वापरतात.

बे_एके_बे
८.५ चा पाइप, म्हणजे |>, बघितला का कोणी? एका फंक्शनचं उत्तर थेट पुढच्या फंक्शनला देतो. स्ट्रिंग (मजकूर) घ्या, ट्रिम करा (कडेच्या मोकळ्या जागा काढा), लहान अक्षरं करा, सगळं डावीकडून उजवीकडे वाचता येतं. आतून बाहेर सोलत बसायला नको. माझ्यासाठी इतक्या वर्षांतली सगळ्यात कामाची भर.

सेमीकोलन
पाइप छानच. पण यादीवर काम करणाऱ्या फंक्शनांचंच बघा, ॲरे-मॅपला आधी फंक्शन द्यायचं, ॲरे-फिल्टरला आधी ॲरे (यादी). तीस वर्षं झाली, हे सरळ नाही झालं! पाइपमध्ये अशी फंक्शनं बसवायला पुन्हा कंसात बाण-फंक्शन (छोटं बिननावाचं फंक्शन) लिहा. नळ नवा, पाइपलाइन जुनीच.

बे_एके_बे
ते सरळ करायला गेले तर जगातल्या अर्ध्या साइट झोपतील, आणि पहिला धागा जुना_गडीच काढतील.

जुना_गडी
काढणारच! असो. कबुलीजबाब देतो. काल कोडमध्ये '== ०' (शून्याबरोबर आहे का, ही तुलना) शोधत बसलो, म्हटलं अजून काय काय बिघडलंय बघू. 'शून्य गुण मिळालेले विद्यार्थी' अशी एक यादी सापडली, मुख्याध्यापकांकडे दरवर्षी जाते. ७.४ पर्यंत 'गैह' सुद्धा शून्याबरोबर ठरायचं, त्यामुळे पेपरला न आलेली मुलंही त्या यादीत होती. २०११ पासून. ८.४ वर यादी आपोआप बरोबर निघाली.

बाईंना अजून सांगितलेलं नाही.