लहान उद्योगांना अनुदान हवे, की वेळेवर मिळालेले बिल?

जमाखर्च (धागा सुरू करणारा)

स्थानिक आर्थिक विकासाची जबाबदारी ज्यांच्याकडे असते, त्या नगरपालिका, विकास मंडळे आणि उद्योग केंद्रे यांनी लहान उद्योगांसाठी व स्टार्टअपसाठी काय करावे, हा प्रश्न निघाला की उत्तरे ठरलेली असतात: इन्क्युबेटर (नव्या उद्योगांना जागा, सोयी व सल्ला देणारे केंद्र) काढा, बीजभांडवल (सुरुवातीचे भांडवल) द्या, स्पर्धा भरवा. माझे म्हणणे असे की यांपैकी काहीही करण्याआधी या यंत्रणांनी लहान उद्योगांचे नीटनेटके गिऱ्हाईक व्हायला शिकावे.

मी बारा वर्षे लहान पुरवठादारांचे हिशेब लिहिले आहेत. त्यांतल्या एकाने एका सार्वजनिक कार्यालयाला दिशादर्शक फलक पुरवले. माल तपासून स्वीकारला गेला, पण माल पोचवल्याच्या चलनावरची आणि बिलावरची तारीख एका दिवसाने वेगळी असल्याने बिल परत आले. दुरुस्ती होईपर्यंत आर्थिक वर्ष संपले, तरतूद संपली, आणि पैसे अकराव्या महिन्यात मिळाले. तोवर त्याने हाती न आलेल्या रकमेवरचा कर भरला होता, खेळत्या भांडवलासाठी चढ्या व्याजाने उचल घेतली होती आणि चारांपैकी दोन कामगार गमावले होते. याच काळात त्या कार्यालयाने त्याला होतकरू उद्योजक म्हणून स्मृतिचिन्ह दिले. (ते त्याने फायलींच्या कपाटावर ठेवले होते, फायली उडू नयेत म्हणून.)

युरोपीय संघाच्या 2011 च्या निर्देशानुसार सार्वजनिक संस्थांनी साधारणपणे 30 दिवसांत बिल चुकते करायचे असते आणि उशीर झाल्यास व्याज द्यायचे असते. इंग्लंडमधील प्रेस्टन शहराने वेगळी वाट धरली. तेथील नगरपरिषद, महाविद्यालये, पोलीस अशा मोठ्या संस्थांनी आपल्या खरेद्या तपासल्या, आणि 2012-13 मध्ये त्यांच्या खर्चातला जेमतेम 5 टक्के वाटा शहरात राहत होता, तो 2016-17 पर्यंत 18 टक्क्यांवर गेला. मोठ्या निविदेचे लहान तुकडे करणे, अनामत रक्कम कमी ठेवणे, मागील तीन वर्षांच्या उलाढालीची अट शिथिल करणे, यांसाठी नवी इमारत लागत नाही.

बीजभांडवल

आपण मांडलेला अनुभव खरा आहे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. वेळेवर बिल देणे हे यंत्रणेचे कर्तव्य आहे. त्याला विकास म्हणणे म्हणजे कर्ज फेडणाऱ्याला दानशूर म्हणण्यासारखे आहे. शिवाय सरकार जे विकत घेते तेच बनवणाऱ्यांना आपल्या उपायाचा लाभ. ज्याचे उत्पादन अजून कागदावर आहे, ज्याला पहिली दोन-तीन वर्षे विकायलाच काही नाही, त्याच्याकडे थकायला बिल तरी कुठून असणार? बँक तारण मागते आणि जामीनदार मागते, आणि त्याच्याजवळ दोन्ही नसते. तिथे सार्वजनिक पैशाने पाऊल टाकले नाही, तर दुसरे कोणी टाकत नाही.

इन्क्युबेटरची कल्पना हिणवण्याआधी तिचा जन्म आठवावा. अमेरिकेतील बटाव्हिया या गावी शेती अवजारांचा मोठा कारखाना बंद पडला. ती अवाढव्य इमारत भाड्याने घेणारा एकही उद्योग मिळेना, तेव्हा 1959 मध्ये जोसेफ मन्कुसो यांनी तिचे गाळे पाडून लहान उद्योगांना दिले आणि जागेसोबत सामाईक कार्यालयीन सोयी व सल्लाही दिला. भाडेकरूंमध्ये एक कोंबडीची पिल्ले उबवणारी कंपनी होती, आणि तिच्यावरून गमतीने पडलेले ‘इन्क्युबेटर’ हे नाव पुढे जगभर रूढ झाले.

जमाखर्च

मन्कुसो हे खासगी गृहस्थ होते आणि ती इमारत त्यांच्या कुटुंबाने विकत घेतलेली होती. रिकामा गाळा म्हणजे स्वतःचे नुकसान, ही जाणीव त्यांना रोज होत असणार. सार्वजनिक कार्यालयाला ती होत नाही, म्हणून आपले उदाहरण माझ्याच बाजूने साक्ष देते.

मोजपट्टी

दोन्ही बाजूंकडून एक घोटाळा होतो आहे. ‘लहान’ आणि ‘नवा’ हे शब्द येथे एकाच अर्थाने वापरले जात आहेत. अमेरिकी संशोधक डेव्हिड बर्च यांच्या 1979 च्या अहवालानंतर नव्या नोकऱ्या प्रामुख्याने लहान उद्योगच देतात, हे गृहीतक रूढ झाले. परंतु हॉल्टिवॉंगर, जार्मिन आणि मिरांडा या अर्थतज्ज्ञांनी 2013 मध्ये अमेरिकेतील आकडेवारी तपासून दाखवले की उद्योगाचे वय हिशेबात धरले की आकाराचा आणि वाढीचा सरळ संबंध उरत नाही. वेगाने वाढतात ते तरुण उद्योग, आणि मोठ्या संख्येने बंद पडतात तेही तरुण उद्योगच. तीस वर्षे चार माणसांवर चालणारा व्यवसाय समाजाला हवाच असतो, पण त्याला वाढीसाठी अनुदान देऊन तो वाढणार नाही, कारण बहुधा त्याच्या मालकाला वाढायचेच नसते.

आता बीजभांडवलाबद्दल. चिलीने 2010 मध्ये ‘स्टार्ट-अप चिली’ सुरू केले. त्यात निवडलेल्या उद्योजकांना मालकीत कोणताही वाटा न मागता 40,000 डॉलरपर्यंत रक्कम आणि बसायला जागा मिळत असे, आणि त्यांतल्या मोजक्यांना त्याखेरीज नियमित मार्गदर्शन व जाब विचारणाऱ्या बैठकाही मिळत. गोन्झालेझ-उरिबे आणि लेदरबी यांच्या अभ्यासात, ज्यांना हे मार्गदर्शनही मिळाले त्यांनी पुढे अधिक भांडवल उभे केल्याचे दिसले. केवळ पैसे आणि टेबल-खुर्ची यांचा परिणाम झाल्याचा पुरावा सापडला नाही.

बीजभांडवल

मग हा पुरावा माझ्या विरोधात कसा? अनुदान बंद करा असे तो सांगत नाही, त्यासोबत शिकवणूक द्या असे सांगतो. वयाचा मुद्दा मात्र मी स्वीकारतो. निकष कामगारसंख्येवर नव्हे, नोंदणीच्या वर्षावर हवा.

टेबलापलीकडून

मी अशाच एका विकास कार्यालयात नोकरीला आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो. आम्हाला कोणी विचारत नाही की किती उद्योग टिकले. विचारतात की किती मोठा कारखाना आणला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात 2017 साली फॉक्सकॉन या तैवानी इलेक्ट्रॉनिक्स कंपनीने 13,000 नोकऱ्यांचे आश्वासन दिले आणि राज्याने सुमारे 300 कोटी डॉलरच्या सवलती देऊ केल्या. 2021 मध्ये करार बदलला तेव्हा नोकऱ्यांचा आकडा 1,454 वर आला होता. तरीही अशा कारखान्याच्या भूमिपूजनाला छायाचित्रकार येतात, थकीत बिल चुकते केले म्हणून येत नाहीत.

अमेरिकेतच कोलोरॅडो राज्यातील लिटलटन शहराने याच्या उलट धोरण घेतले. तेथील मोठ्या कंपनीने हजारो माणसे कमी केली, तेव्हा 1987 पासून ख्रिस गिबन्स यांच्या पुढाकाराने बाहेरून कारखाने आणण्याऐवजी शहरातल्याच वाढू पाहणाऱ्या उद्योगांना बाजारपेठेची माहिती, संभाव्य ग्राहकांच्या याद्या आणि नकाशे पुरवायला सुरुवात झाली. ते याला आर्थिक बागकाम म्हणत.

हे किती साधे असते ते सांगतो. मोजमापाची उपकरणे तपासून प्रमाणित करणाऱ्या एक बाई आमच्याकडे कर्ज मागायला आल्या. बोलता बोलता कळले की त्यांना ग्राहक कोण आहेत हेच ठाऊक नव्हते; ओळखीतून येईल ते काम त्या करत होत्या. माझ्या सहकाऱ्याने सार्वजनिक नोंदवह्या दोन दिवस चाळून, ज्यांना दरवर्षी अशी तपासणी करून घ्यावीच लागते अशा 64 आस्थापनांची यादी, पत्त्यांसह, त्यांना काढून दिली. कर्जाचा अर्ज त्यांनी पुन्हा भरलाच नाही.

मोजपट्टी

उदाहरण बोलके आहे, पण एकच आहे. ही यादी नसती तर त्या बाईंचे काय झाले असते, हे आपल्याला कळत नाही. लिटलटनचे श्रेयही जपून द्यावे, कारण 1990 च्या दशकात आजूबाजूचा सारा परिसरच वाढत होता.

जमाखर्च

माहिती पुरवणे हे काम माझ्या मूळ यादीत नव्हते. ते आता मी बिलांच्या खालोखाल ठेवतो. बीजभांडवलाबाबत माझा विरोध सौम्य झाला आहे, मात्र अट एकच: जे कार्यालय अनुदान वाटणार असेल, त्याने स्वतःच्या थकीत बिलांची संख्या आणि सरासरी दिवस दर महिन्याला जाहीर करावेत. ‘टेबलापलीकडून’ यांना विचारतो, आपल्या कार्यालयात हा आकडा आज कोणाला माहीत आहे का?

टेबलापलीकडून

लेखा विभागात विचारले. तो आकडा काढण्यासाठी लेखी अर्ज करावा लागेल, असे उत्तर मिळाले. उद्या अर्ज करतो.