यजमान ५१ वर्षांचे, स्मरणशक्ती चांगली, पण स्वभाव पार बदलला आहे

प्रश्न (रामबाग, इंदूर):
गेल्या दीड वर्षात माझे यजमान ओळखू येईनासे झाले आहेत. जावेच्या तेराव्याला त्यांनी तीनदा श्रीखंड मागून घेतले आणि दिरांशी एक शब्दही बोलले नाहीत; मागच्या महिन्यात सराफ्यात शेजारच्या अनोळखी मुलाच्या द्रोणातली जिलबी त्यांनी सहज उचलून खाल्ली. नावे, तारखा मात्र चोख आठवतात. नैराश्य समजून आठ महिने गोळ्या चालू आहेत, पण फरक नाही. या वयात डिमेन्शिया (मेंदू झिजून होणारा ऱ्हास) होऊ शकतो का?

उत्तर (निवृत्त डॉक्टर, पलासिया):
होऊ शकतो, ताई. अल्झायमर या डिमेन्शियाच्या प्रकाराला ज्यांचे नाव मिळाले, त्या डॉ. अल्झायमर यांनी १९०१ साली फ्रँकफर्टला तपासलेल्या ऑगस्ट डेटर याही ५१ वर्षांच्याच होत्या. तुमच्या वर्णनावरून मात्र फ्रंटोटेम्पोरल प्रकाराची शंका येते. त्यात मेंदूचा कपाळामागचा आणि कानशिलांकडचा भाग आधी झिजतो, म्हणून आठवण टिकते, पण भीडभाड आणि माया आटते, गोडाची हाव सुटते. नैराश्यात रुग्णाला स्वतःला त्रास जाणवतो. इथे तो बहुधा घरच्यांनाच जाणवतो. गोळ्या मनाने बंद करू नका. मेंदूविकारतज्ज्ञांकडून बी-१२, थायरॉइड, एचआयव्ही, सिफिलिस या रक्ततपासण्या आणि एमआरआय करून घ्या, कारण काही कारणे उपचारांनी सुधारतात. ३० गुणांच्या स्मृतिचाचणीत चांगले गुण मिळाले, किंवा सुरुवातीचा एमआरआय स्वच्छ आला, तरी शंका मिटली असे समजू नका. गरज पडल्यास पेट स्कॅन (मेंदूचा कोणता भाग कमी काम करतो हे दाखवणारी तपासणी) करतात.

उत्तर (सुदामा नगर):
माझ्या भावाच्या निदानाला तीन वर्षे लागली. दवाखान्यात तो हसतमुखाने सगळी उत्तरे देई आणि त्याच्यादेखत वहिनीला काही सांगवत नसे. शेवटी तिने तारखेवार प्रसंग वहीत लिहिले आणि ती वही आधीच आत पाठवली. दोन पाने वाचल्यावर डॉक्टरांनी तिला एकटीला बोलावले. तुम्हीही तसेच करा. दरम्यान त्यांना नोकरीचा राजीनामा देऊ देऊ नका. भावाने तो रागाच्या भरात दिला होता, आणि ते आजाराचेच लक्षण होते हे आम्हाला फार उशिरा कळले.

प्रश्नकर्ती:
वही आजच सुरू केली. सासरेही पन्नाशीत असेच विचित्र वागू लागले होते आणि लोक त्यांना वेडे म्हणत. हेही लिहू का?

उत्तर (निवृत्त डॉक्टर):
पहिल्याच पानावर लिहा. या आजाराचे काही प्रकार आनुवंशिक असतात. मुलांची जनुकीय तपासणी मात्र समुपदेशनाशिवाय करू नका.