मदत हवी आहे: पूर्ण झालेलं जिगसॉ पझल चिकटवायचं कसं?

नमस्कार मंडळी, जळगावहून लिहितेय. व्हॅन गॉगच्या 'द स्टारी नाइट'चं (१८८९) हजार तुकड्यांचं पझल होत आलंय. खालचं गाव, चर्च आणि ते काळपट सुरूचं झाड पटकन जमलं. आकाशाने मात्र घाम काढला, सगळेच तुकडे निळे! शेवटी रंग सोडून ब्रशचे फटकारे कुठे वळतात ते बघत गेले, तेव्हा कुठे भोवरे जुळायला लागले.

आता ते फ्रेम करायचंय. साधारण ७० बाय ५० सेंमी आहे, प्लायवर मांडलंय. सासूबाई म्हणतात, फेविकॉलमध्ये थोडं पाणी घालून वरून ब्रशने फिरव. पण पुठ्ठा फुगला तर? की उलटं करून मागून चिकटपट्ट्या लावू? आणि उलटवायचं कसं, न मोडता? भिंतीवर दुपारचं ऊन येतं, आपल्याकडचा मे तुम्हाला माहीतच आहे. रंग उडू नये म्हणून काय करता?

जाता जाता: अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यातल्या पद्मपाणीचं पझल कुणी पाहिलंय का? लेणी एवढी जवळ, आणि मी आपली परदेशातलं आकाश जुळवत बसलेय. चांगल्या जाड पुठ्ठ्याचं असेल तरच सांगा.