मराठवाड्यानं दुष्काळ जपून ठेवला, पूर का विसरला?

गोदाथडी

मराठवाडा म्हटलं की बाहेरच्या माणसाला दुष्काळ आठवतो, आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही तोच आठवतो. बहात्तर सालची खडीची कामं, सुकडी, २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला आलेली पाण्याची रेल्वे. हे घराघरांत सांगितलं जातं. पण त्याच २०१६ मध्ये पावसाळा सरता सरता मांजरा धरण भरलं, हे मी परवा चार जणांना विचारलं तर एकालाच आठवलं.

पुराचा इतिहास आपल्याकडे काही लहान नाही. २३ जुलै १९८९ ला बिंदुसरा नदीनं बीड शहराचा काठ धुऊन नेला, कित्येक माणसं गेली. ऑगस्ट २००६ मध्ये पैठणच्या जायकवाडी धरणातून अडीच लाख क्युसेक (एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट) पाणी सोडावं लागलं आणि पैठण पाण्यात गेलं. सप्टेंबर २०२१ मध्ये बंगालच्या उपसागरात उठलेलं 'गुलाब' वादळ आंध्रात कलिंगपट्टणमजवळ जमिनीवर चढलं आणि त्याचं उरलंसुरलं आपल्यावर येऊन कोसळलं. मांजऱ्याचे अठराही दरवाजे उघडले, माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. समुद्र आपण फक्त सहलीला जाऊन बघतो, तरी तिकडच्या किनाऱ्यावरचं वादळ आपल्या सोयाबीनच्या गंजीपर्यंत येतं. २०२५ तर ताजंच आहे: ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यातलं हसनाळ, सप्टेंबरमध्ये परंड्याकडं सीना नदी, आणि महिनाअखेरीला जायकवाडीतून तीन लाख क्युसेकच्या घरातला विसर्ग.

प्रत्येक वेळी आपण म्हणतो, असा पूर बापजन्मात पाहिला नाही.

आमच्या आजीच्या माळवदाच्या घरात देवळीच्या खाली भिंतीवर एक आडवी रेघ होती. दरवर्षी भिंती पांढऱ्या मातीनं पोतारताना आजी तेवढी वीतभर जागा सोडून द्यायची. "इथवर गंगामाय आली व्हती," एवढंच सांगायची. साल विचारलं तर म्हणायची, "मही थोरली नणंद बाळंतीण व्हती तव्हा." पुढं ते घर पाडून स्लॅबचं बांधलं, रेघ मातीबरोबर गेली. नव्या घराचं जोतं त्या रेघेच्या खाली राहिलंय, हे आम्हाला २००६ ला कळलं. घरात कमरेएवढं पाणी होतं.

म्हणून माझं म्हणणं असं की गोदावरी, मांजरा, तेरणा, सिंदफणा, दुधना, पूर्णा, मन्याड, जिथं जिथं पाणी चढतं त्या प्रत्येक गावात शाळेच्या किंवा मारुतीच्या देवळाच्या दगडावर तारखेसह खूण कोरावी. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा असते, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल असते. ती गावात घर बांधणाऱ्याला दिसत नाही. भिंतीवरची दिसेल.

पांदण

भाऊ, आजीच्या रेघेला हात जोडतो, पण दुखणं दुसरीकडं आहे. आमच्याकडं पूर आता आभाळातून कमी आणि दरवाजातून जास्त येतो. आमच्या वरच्या धरणाचे दरवाजे उघडले ते रात्री अडीचला. निरोप आला तेव्हा पाणी गोठ्यात शिरलं होतं. दोन म्हशी दावणीला होत्या. एकीचं दावं कापता आलं.

मूळ गोष्ट ही की आपल्याकडं धरण चालवायची रीतच पाण्याच्या भुकेवर बेतलेली आहे. जायकवाडीत ऑक्टोबरच्या मध्याला ६५ टक्क्यांहून कमी साठा असला तर नगर-नाशिकच्या धरणांतून पाणी सोडायचं, हा नियम मिळवायला आपण कोर्टकचेऱ्या केल्या, आणि ते बरोबरच केलं. पण त्यानं डोकं असं झालंय की ऑगस्टमध्ये धरण काठोकाठ भरलं म्हणजे जिंकलो. मग सप्टेंबरात परतीचा पाऊस आला की ठेवायला जागा नाही. भिंतीवर शंभर रेघा ओढा, त्यानं दरवाजा एक तास लवकर उघडत नाही.

जुना_शाखा_अभियंता

आयुष्य कालव्यावर आणि धरणाच्या भिंतीवर गेलं, म्हणून थोडं गणित मांडतो. जायकवाडीचा उपयुक्त साठा सुमारे ७६ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट). तीन लाख क्युसेकनं पाणी येत राहिलं तर एका दिवसात साधारण २६ टीएमसी येतं. समजा, धरण दहा टक्के रिकामं ठेवलं. जागा किती झाली? साडेसात टीएमसी. म्हणजे सात तास. सात तासांसाठी पुढचा अख्खा उन्हाळा पणाला लावायचा का? सप्टेंबर कोरडा गेला तर हेच लोक विचारतील, पाणी सोडलं कामून?

आणि नांदेडला येणारं सगळं पाणी पैठणहून येतं हा समज सोडा. वाटेत मंजरथला सिंदफणा मिळते, पुढं पूर्णा दुधनेला पोटात घेऊन येते. खालच्या खोऱ्यात पाऊस असला तर पैठणचे सगळे दरवाजे बंद असूनही काठ बुडू शकतो. आपली काळी जमीन एकदा पाणी पिऊन फुगली की वरचा थेंब आत घेत नाही, सगळं ओढ्याला लागतं. महसूल मंडळात दिवसाला ६५ मिलिमीटर झाला की कागदावर अतिवृष्टी. भिजलेल्या रानावर त्याहून कमी पडला तरी ओढा दोन्ही थड्या सोडतो.

पांदण

साहेब, गणित बरोबर आहे, वापरलं उलटं. सगळा पूर अडवा असं कोण म्हणतंय? तीनचे दोन करा. लाखभर क्युसेक आत ठेवायचं म्हणजे दिवसाला साडेआठ टीएमसीला थोडं जास्त. तुमच्या साडेसात टीएमसीत एकवीस तास निघतात. एकवीस तासांत उजेड येतो. जनावर सोडायला, धान्याचं पोतं माळवदावर न्यायला, म्हाताऱ्या माणसाला पाठीवर घ्यायला उजेड लागतो.

जुना_शाखा_अभियंता

शिखर कापता येतं, मान्य. मात्र त्याला वरच्या खोऱ्यातल्या पावसाचा भरवशाचा अंदाज दोन दिवस आधी हातात पाहिजे, आणि धरण अर्धवट रिकामं ठेवायच्या कागदावर सही करणारा माणूस पाहिजे. भरलेल्या धरणाबद्दल कुणाला नोटीस आल्याचं मी नोकरीत पाहिलं नाही. रिकाम्या धरणाबद्दल पाहिलंय.

मोसंबीची_बाग

मला ही सगळी चर्चाच धोक्याची वाटते. पूर तीन दिवसांचा असतो. दुष्काळ आला तर बाग जाते, आणि बाग पुन्हा उभी करायला सहा-सात वर्षं लागतात. मी २०१३ च्या उन्हाळ्यात टँकरनं झाडं जगवली, तरी निम्मी कुऱ्हाडीखाली गेली. धरणं रिकामी ठेवा असं आपणच म्हणायला लागलो तर वरच्या नगर-नाशिकवाल्यांना पाणी न सोडायला आयतंच कारण मिळेल. आपल्या पावसाळ्याची सरासरीच ६७९ मिलिमीटर. आपण पूरग्रस्त कधीपासून झालो?

तेरणामाय

मोसंबीवाले दादा, पूर तीन दिवसांचा हे ज्याची जमीन खरडून गेली त्याला येऊन सांगा. आमच्या दीड एकराची माती गेली. वरची हातभर काळी माती गेली आणि खाली मुरूम उघडा पडला. नांगर घातला तर फाळाखाली दगड वाजतो. खरडलेल्या जमिनीला सरकारनं २०२५ मध्ये हेक्टरी ४७ हजार जाहीर केले, रोजगार हमीतून तीन लाखांपर्यंत कामही सांगितलं. गाळ आणून टाकता येईल. पण सासऱ्यांनी चाळीस वर्षं शेणखत घालून केलेली ती माती नव्हे. दुष्काळात निदान जमीन जागेवर असते.

मन्याडची_लेक

माझं माहेर मुखेड तालुक्यात. हसनाळचं नाव वर आलंय म्हणून लिहिते. तिथं जुन्या रेघेचा काय उपयोग झाला असता? लेंडी धरणाचं काम पुढं गेलेलं, माणसं अजून गावातच, आणि रात्रीतून पाणी चढलं ते पूर्वी कधी चढलं नव्हतं तिथं. तिकडं धर्माबाद-बिलोलीची तीच तऱ्हा. तेलंगणातल्या पोचमपाड धरणाचा फुगवटा मागं येतो आणि गोदेला पुढं सरकायला वाट राहत नाही. लोक गोदेवरच्या आपल्या बाभळी बंधाऱ्याला बोल लावतात, पण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालाप्रमाणे त्याचे दरवाजे १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत उघडेच ठेवावे लागतात. नदीच बदलली असेल तर इतिहास कोणत्या नदीचा वाचायचा?

गोदाथडी

ताई, म्हणूनच नवी खूण हवी. जिथं नवं पाणी आलं तिथं नवी तारीख. आणि जुन्या लोकांना नदी कळत होती, हे मी सोडणार नाही. गावठाण पांढरीच्या, म्हणजे वस्तीच्या जमिनीच्या टेकाडावर, गढी त्याहून वर, खाली काळी, म्हणजे शेतीची जमीन. शाळा, बाजारपट्टी, नवे प्लॉट ओढ्याकडं सरकले ते आपल्या काळात. निझामाच्या राज्यात १९०८ ला मुसीनं हैदराबाद बुडवलं, तेव्हा विश्वेश्वरय्यांना बोलावलं गेलं, पुढं उस्मानसागर आणि हिमायतसागर बांधले गेले. राजधानीचा पूर राज्यानं लक्षात ठेवला. त्याच राज्यातला आपला गोदाकाठ, आपली आठवण कुणाच्या दप्तरात?

खालची_आळी

पांढरी उंचावर होती, खरं आहे. पांढरीवर सगळ्यांना जागा होती का? आमचा वाडा, म्हणजे आमची वस्ती, गावाच्या खालच्या अंगाला, ओढा नदीला मिळतो तिथं. ते ठिकाण आमच्या पणज्यानं निवडलं नव्हतं. दर पुरात पहिलं पाणी आमच्या उंबऱ्याला, आणि रेघ तुमच्या देवळीखाली. तुमच्या आजीच्या रेघेपर्यंत पाणी पोचलं असेल तेव्हा आमच्याकडं रेघ ओढायला भिंतच उरली नसेल. "जुन्या लोकांना नदी कळत होती" हे वाक्य मला गिळवत नाही. त्यांना नदीही कळत होती आणि तिच्या तोंडाशी कुणाला ठेवायचं तेही कळत होतं. मारुतीच्या देवळावर खूण कोरली तर ती आमचं पाणी मोजणारच नाही.

गोदाथडी

हे मी लिहायला हवं होतं, सुचलं नाही. आमच्या रेघेच्या खाली, तुमच्या बाजूला काय झालं, हे आजीनं कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. देवळाचं माझं म्हणणं मागं घेतो. खूण सगळ्यांत खालच्या घरापासून सुरू व्हावी, आणि तिथल्या माणसाच्या हातानं. धरण चालवण्याबद्दल पांदणभाऊंशी माझं भांडण नाही, पण दरवाजा किती वाजता उघडावा हे ठरवणाऱ्याला किती क्युसेकला कुणाचं घर बुडतं हे माहीत पाहिजे, आणि आज ते कुठंच लिहिलेलं नाही.

पांदण

एवढं असेल तर मीही आमच्या गोठ्याची उंची टिपून ठेवतो. वेळसुद्धा.

खालची_आळी

आमच्या समाजमंदिराचा पुढचा खांब, फरशीपासून चार फूट दोन इंच. २८ सप्टेंबर २०२१. चिखलाचा डाग अजून आहे, उद्या छन्नी घेऊन जातो.