हायड्राझिन पेटत नाही, मोडतं
एक प्रश्न आला: अंतराळयानाच्या थ्रस्टरमध्ये, म्हणजे यान वळवणाऱ्या छोट्या इंजिनात, ठिणगी नाही, ऑक्सिडायझर (जळायला ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ) नाही, मग त्यातलं हायड्राझिन हे द्रव इंधन पेटतं कसं? ते पेटतच नाही, त्याचं विघटन होतं. आत अ‍ॅल्युमिनाचे (अॅल्युमिनियम ऑक्साइडचे) बारीक सच्छिद्र दाणे असतात, त्यांच्या छिद्राछिद्रांत इरिडियम हा धातू, तोच हे विघटन घडवतो. झडप उघडून द्रव त्यांवर पडला की क्षणात अमोनिया नि नायट्रोजनचा तापलेला झोत तयार. काही अमोनिया पुढे आणखी मोडतो, पण ती पायरी उष्णता खाते, त्यामुळे दाण्यांचा थर किती लांब ठेवायचा हे फार बेतून ठरवतात. थंड दाण्यांवर इंधन सोडलं तर त्यांचा हळूहळू भुगा होतो, म्हणून आधी हीटरने तापवायचं. नासाच्या व्हॉयेजर १ या अंतराळयानाचे चार थ्रस्टर ३७ वर्षं बंद होते. २०१७ मध्ये ते १०-१० मिलिसेकंदांपुरते सुरू करून पाहिले आणि चालले! ती बातमी वाचताना अंगावर काटा आला होता.