'इंधन घट' म्हणजे इंधन कमी झालं का? आणि परफॉर्मन्सला काय म्हणता?

अक्षरपंक्ती
एका तांत्रिक अहवालाचं भाषांतर करतेय आणि शीर्षकातच अडकलेय. विषय फ्युएल सेल (इंधनापासून थेट वीज काढणारं साधन) आणि हीट इंजिन (उष्णतेपासून काम काढणारं यंत्र), त्यांचा परफॉर्मन्स वाढवायला इंजिनिअर लोकांनी काय काय केलं वगैरे. मी लिहिलं 'इंधन घट आणि उष्णता इंजिन : कार्यक्षमतेतील सुधारणा'. तपासणाऱ्या बाईंनी शेरा मारला, "इंधनात घट नेमकी किती झाली तो आकडा शीर्षकात द्या". म्हणजे त्यांनी घट हा शब्द कमी होणं या अर्थी वाचला, आणि आता मलाही तसंच दिसायला लागलंय. पण माझा खरा प्रश्न वेगळा आहे. अहवालात परफॉर्मन्स आणि एफिशियन्सी दोन्ही येतात, कधी एकाच वाक्यात, आणि मी दोन्हीला कार्यक्षमता लिहीत आलेय. तुम्ही काय वापरता?

कोशवेडा
घट दोन आहेत हो. तो घट म्हणजे भांडं, ती घट म्हणजे कमी होणं. विभक्ती लागली की प्रश्न मिटतो, 'घटाची' म्हटलं की सेल, 'घटीची' म्हटलं की तूट. गोची फक्त प्रथमेत होते आणि शीर्षकं नेमकी प्रथमेत असतात. जोडून 'इंधनघट' लिहा. समास तोडून लिहायची खोड आपल्याला इंग्रजी वाचून लागली आहे.

जुना फिटर
जोडून काय होणार? वजनघट, दरघट हे शब्द पण जोडूनच लिहितात की. उलट जोडल्यावर तूटच आधी आठवते. सरळ फ्युएल सेल लिहा, जो माणूस ते उघडून मेंब्रेन, म्हणजे आतला पडदा, बदलतो तो फ्युएल सेलच म्हणतो.

कोशवेडा
मग विद्युतघट पण सोडायचा का? शाळेत सगळ्यांनी विद्युतघट शिकलाय, कुणाला वीज कमी झाली असं वाटलं नाही. विल्यम ग्रोव्ह या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८३९ च्या सुमारास हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज काढली तेव्हा त्याला गॅसची बॅटरीच म्हटलं होतं. नाव नंतर बदललं आणि रुजलं, तसं आपलंही रुजेल, वापरलं तर. आणि घट, घडा, घडणं, घटना हे सगळं एकाच घट् धातूचं कुटुंब आहे. ज्यात काही घडतं तो घट, असं मी मानतो, आणि सेलला याहून चांगला शब्द मला सुचत नाही.

वाफारा
ताईंचा प्रश्न परफॉर्मन्सचा होता, तो राहूनच गेला. तो महत्त्वाचा आहे कारण ही दोन मापं, परफॉर्मन्स म्हणजे पॉवर किती मिळते आणि एफिशियन्सी म्हणजे दिलेल्या ऊर्जेतला किती भाग कामी येतो, एकमेकांच्या विरुद्ध जातात. हायड्रोजनच्या सेलचं आदर्श व्होल्टेज १.२३ व्होल्ट, पण काम करताना साधारण ०.६ ते ०.७ मिळतं, बाकीचं उष्णतेत जातं. जास्त करंट ओढला की पॉवर वाढते पण व्होल्टेज पडतं, आणि व्होल्टेज पडलं की एफिशियन्सी पडली. म्हणजे परफॉर्मन्स वाढला आणि एफिशियन्सी घटली असं वाक्य अहवालात येणारच, तिथे दोन्हीला कार्यक्षमता लिहिलंत तर वाचणारा वेडा होईल. हीट इंजिनचं पण तेच. फ्रेंच इंजिनिअर कार्नोने १८२४ मध्ये एफिशियन्सीची जी मर्यादा सांगितली तिच्याप्रमाणे ९०० केल्विनच्या गरम बाजू आणि ३०० केल्विनच्या थंड बाजूमध्ये चालणारं इंजिन जास्तीत जास्त ६७ टक्के देईल, पण ते गाठायचं तर इंजिन इतकं हळू चालवावं लागतं की पॉवर शून्यावर येते. जास्तीत जास्त पॉवरला कर्झन आणि अल्बॉर्न या भौतिकशास्त्रज्ञांचं १९७५ चं सूत्र लावलं तर त्याच तापमानांना ४२ टक्के येतात. म्हणून माझं मत, एफिशियन्सी कार्यक्षमता, परफॉर्मन्स कामगिरी.

अक्षरपंक्ती
हे मनापासून पटलं. फक्त 'इंजिनाची कामगिरी' म्हटलं की कुणीतरी मोहिमेवरून परत आलंय असं वाटतं.

ओलावा
दक्षता का नको? हिंदीत ऊर्जा दक्षता सर्रास म्हणतात, तोच शब्द घेतला तर दोन्ही भाषांत एकच राहील.

कोशवेडा
मराठीत दक्षता घेतात, ती मशिनकडे नसते. 'इंजिनाची दक्षता ४० टक्के' म्हणजे उरलेला वेळ ते झोपतं का? हिंदीतला अर्थ उचलून आणला की आपला नेहमीचा अर्थ मरतो, याचा मला खरंच त्रास होतो.

जुना फिटर
आम्ही तिसराच शब्द वापरायचो. गाडीला ॲव्हरेज किती, आणि पिकअप कसा. ॲव्हरेज म्हणजे एफिशियन्सी आणि पिकअप म्हणजे तुमचा परफॉर्मन्स, शब्द चुकीचे असतील पण कुणाचा गोंधळ झाला नाही. माझे वस्ताद तर 'इंजिन खातं किती आणि ओढतं किती' एवढंच विचारायचे. वाफेच्या इंजिनांच्या जमान्यात 'ड्यूटी' म्हणायचे, एक बुशेल (जुनं इंग्रजी माप) कोळशात किती पौंड पाणी एक फूट वर चढलं तो आकडा. ते मला आजही आवडतं, इंजिनाचं काम काय ते त्यात स्पष्ट दिसतं.

वाफारा
खातं किती हे सेललाही लागू आहे. हवा आत ढकलणारा कॉम्प्रेसर सेलचीच वीज खातो, ती वजा केल्याशिवाय आकडा खरा नसतो. मेंब्रेन पातळ केलं की रोध कमी होतो पण हायड्रोजन न वापरताच पलीकडे निसटतो. सुधारणा म्हणजे अशी ओढाताण असते, आणि शब्द तिथे काटेकोर हवेत. ताई, अहवालात सेलच्या उष्णतेवर टर्बाइन चालवणारी जोडणी आहे का? सॉलिड ऑक्साइड सेल, म्हणजे घन ऑक्साइडचा थर वापरणारा फ्युएल सेल, ६०० ते १००० अंश सेल्सिअसला चालतो, बहुतेक म्हणूनच सेल आणि इंजिन एका अहवालात आलेत.

अक्षरपंक्ती
हो, शेवटचं प्रकरण तेच आहे. तिथे 'एकत्रित कार्यक्षमता' लिहिलंय, ती तशीच ठेवते. शीर्षकात सध्या 'इंधन-विद्युतघट' टाकलंय, लांब झालंय पण तूट दिसत नाही. 'कामगिरी' अजून जिभेवर बसत नाहीये, उद्या सकाळपर्यंत द्यायचंय, कुणाकडे आणखी काही असेल तर सांगा.

ओलावा
त्यापेक्षा उष्णता इंजिन ऐवजी उष्मा इंजिन करा, सुटसुटीत आहे.

कोशवेडा
संस्कृतात ऊष्मा दीर्घ आहे, ऊष्म वर्ण म्हणतो तोच. उष्ण मात्र ऱ्हस्व. दोघेही उष् म्हणजे जाळणं यातून आले.

जुना फिटर
आमच्या मॅन्युअलात ऱ्हस्वच होता.

कोशवेडा
मॅन्युअल चुकलं.